सव्वा महिन्यातली वीस मिनिटं

पारूआत्या जीपमधून उतरली तेव्हा तिच्या हातात दुधाच्या पावडरीचे दोन डबे होते, दूध पाजायची बाटली होती आणि चार नवी झबली होती. म्हणजे ती विहिरीच्या पूजेला आलीच नव्हती. ती बाळीला न्यायला आली होती.

मी ओट्यावरूनच ओरडले, "वहिनी, आत्या डबे घेऊन आली!"

"सगळ्या दाभोसा गावाला ऐकू जाऊ दे," आई आतून म्हणाली. "ये आत. आणि आज तोंड बंद ठेव, चैते. एकच दिवस."

मला ते जमणार नाही हे आईलाही माहीत होतं.

झालं होतं ते असं. बाळी अकरा दिवसांची असताना उज्ज्वलावहिनी तिला खाटेवर ठेवायला गेली आणि तिला अर्धी खाट दिसलीच नाही. बाळी कडेवरून घसरली. खाली गोधड्यांचा ढीग होता म्हणून निभावलं, बाळी तर झोपेतून जागीही झाली नाही. पण आत्या नेमकी दारात उभी होती. वहिनी डोकं धरून खाली बसली, आणि आत्याने बाळीला उचलून सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सव्वा महिना होऊ दे. विहिरीची पूजा झाली की पोर मोखाड्याला माझ्याकडं. हिचं डोकं बरं होईस्तोवर." डोकं कधी बरं होणार हे कुणी विचारलं नाही. आणि वहिनीला तर कुणी काहीच विचारलं नाही.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आजी गेली तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते, त्यांना आत्यानेच वाढवलं. धर्मेंद्रदादा पाचवीपासून मोखाड्याला तिच्या घरी राहून शिकला, तिथूनच डी.एड. झाला, मास्तर झाला. त्यामुळे आत्या बोलली की बाबा मान हलवतात, दादा जमिनीकडे बघतो आणि आई चहा ठेवते. वहिनी या घरात येईपर्यंत चौथी तऱ्हाच नव्हती.

वहिनीचं माहेर वांगणीचं. तिकडचा रस्ता असा की बाळंतिणीला तिथे न्यायचं म्हणजे झोळीतूनच न्यावं लागलं असतं, म्हणून बाळंतपण आमच्याकडे झालं. आणि बाळंतपणानंतर आठव्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नाही. उजेड नको, आवाज नको, भाकरीचा वाससुद्धा नको, उलट्या. दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा हसायला मोकळी. त्या हसण्यानेच घोटाळा झाला. शेजारच्या बायका म्हणाल्या, सोंग आहे. आत्या म्हणाली, सोंग नाही, बाहेरचं आहे. बाबा म्हणाले, अशक्तपणा आहे. दादा काहीच म्हणाला नाही.

खाटेच्या त्या प्रकारानंतर दोन दिवसांनी वहिनी, बाळी, आई आणि मी जीपने जव्हारला गेलो. डॉक्टर सोनल मॅडम तिथे नवीनच आल्या होत्या. इतक्या तरुण की आईने आधी त्यांनाच विचारलं, "डॉक्टरीणबाई कधी येतील?"

वहिनीने त्यांना सांगितलं ते मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. "आधी डोळ्यांसमोर पाण्यावर ऊन हलतं तसं हलतं. मग उजवीकडचं अर्धं जग जातं. भिंतीवर पाटी असली तर अर्धीच वाचता येते. थोड्या वेळाने ते परत येतं, आणि मग डोक्याच्या एका बाजूला कुणीतरी मुसळाने कांडायला लागतं."

"याआधी कधी झालं होतं?"

"बारावीत दोनदा. पोटुशी असताना एकदाही नाही."

मॅडमनी रक्तदाब घेतला, बारीक दिव्याने डोळ्यांत पाहिलं, दोन्ही हातांनी त्यांची बोटं घट्ट दाबायला लावली, सरळ रेषेत चालवलं, लघवी आणि रक्त तपासलं. ताप आला का, झटका आला का, हातपाय लुळे पडले का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "आज वाईट काही दिसत नाही. पण बाळंतिणीचं डोकं पुष्कळ कारणांनी दुखतं, आणि त्यातली काही कारणं जिवावरची असतात. झटका आला, हातपाय जड झाले, एकदम कधी नव्हे तसं दुखलं, तर रात्र-दिवस न बघता इकडे यायचं. आणि मी एका भेटीत आजाराला नाव देत नसते. मला रोजचं लिहिलेलं पाहिजे. कोण लिहील?"

मी वर्गात करतात तसा हात वर केला. आईने तो खाली ओढला. मी पुन्हा वर केला.

वही माझीच होती, नववीची प्रयोगवही, मागची कोरी पानं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आमच्या विज्ञानाच्या सरांचा नियम असा की प्रयोगवहीत खोडरबर चालणार नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी रकाने आखले: तारीख, झोप किती, जेवण कधी, दुखणारी बाजू, उलटी, गोळी, कधी थांबलं. वहिनीने स्वतः दोन रकाने वाढवले. "हलायला कधी लागलं ते वेगळं लिही," ती म्हणाली, "आणि दुखायला कधी लागलं ते वेगळं. एक नाहीत ते." त्यासाठी दादाचं घड्याळ मी मनगटावर बांधलं ते आजतागायत परत दिलेलं नाही; मी शाळेत गेले की ते वहिनीच्या उशाशी असायचं.

दहा दिवसांत पाचदा डोकं दुखलं. मी तारखा पाहिल्या आणि मला इतका आनंद झाला की मी उडीच मारली. पाचांतले चार दिवस पारूआत्या घरी आली होती तेच! मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: अनुमान: पारूआत्या. खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या भेटीत मॅडमना ते पान दाखवलं, शाबासकीची वाट बघत. मॅडम आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "हे अनुमान नाही गं. हे भांडण आहे. आत्या आल्या की घरात काय काय बदलतं, ते बघून लिही."

मी वहिनीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. "मला आधी का नाही दाखवलंस?" एवढंच म्हणाली. मी त्या ओळीवर एक रेघ मारली. नियमाप्रमाणे.

आणि मग खरंच बघायला लागले. आत्या आली की बाळंतिणीच्या खोलीची दारं-खिडक्या बंद व्हायची आणि शेगडीत ओवा आणि शेपा घालून धुरी व्हायची, डोळे चुरचुरेपर्यंत. आत्याशी बोलत बसावं लागे म्हणून वहिनीची दुपारची झोप जायची. आणि आत्या जेवल्याशिवाय सुनेने जेवायचं नाही, म्हणून बाराची भाकर तीनला. धूर, झोप, भूक. मी वहिनीला सांगितलं, वहिनीने आईला सांगितलं, आणि आईने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नणंदेला खोटं सांगितलं, "आक्का, ओवा संपलाय." तीन खेपा ओवा संपलेलाच होता. जेवणाच्या वेळी आई वहिनीच्या खोलीत ताट सरकवायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "सून झोपलीय, तिला मागाहून वाढते."

पुढच्या सोळा दिवसांत डोकं दुखलं फक्त दोनदा. परवाच्या तिसऱ्या भेटीत मॅडमनी वही पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक ओळीवर पेन टेकवत. मग कागदावर लिहिलं आणि मोठ्याने सांगितलं, "मायग्रेन. आपल्याकडे अर्धशिशी म्हणतात. बाळंतपणानंतर अंगातले रस बदलतात, झोप मोडते, तेव्हा ती पुष्कळ जणींना परत येते. अंगावर पाजायचं बंद करायची गरज नाही. साधी गोळी चालते, पण वेळेवर." कागदाच्या तळाशी त्यांनी एक ओळ आणखी लिहिली: नणंदेने ठेवलेल्या नोंदींवरून.

नणंद म्हणजे मी! परतताना जीपमध्ये मी तो कागद मांडीवर उलगडून बसले होते. वहिनी म्हणाली, "घडी कर, वाऱ्याने उडेल. आणि इतकं फुगू नकोस, लक्ष्याच्या जीपमध्ये आधीच सोळा माणसं आहेत."

तर आता आत्या डब्यांसह घरात आली होती. खळ्यावरचं भात झोडून झालं होतं, अंगणात नवा पेंढा रचला होता, आणि विहिरीच्या पूजेचं हळद-कुंकू, कळशी, पाच पानं सुपात तयार होती. आत्या खुर्चीत बसली. बाबा बाकावर. आज सुट्टी टाकून आले होते, तरी ऑफिसचं पेन खिशाला. दादा उंबऱ्यापाशी उभा. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली होती, मांडीवर बाळी. लक्ष्या ओट्यावर चहा पीत होता, कारण आत्याने त्याला थांबवून घेतलं होतं.

"बाराला पूजा," आत्या म्हणाली. "एकला मी निघते. पोरीचं सामान बांधा."

"आक्का, आधी चहा घ्या," आई म्हणाली.

"घेते की. चहानं काय बदलतंय?"

"आत्या, बाळी कुठे जाणार नाही," वहिनी म्हणाली.

आवाज चढवलेला नव्हता. तरी बाबांनी मान झटकन वर केली. "उज्ज्वला, मोठ्या माणसांशी..."

"मोठ्या माणसांशीच बोलतेय, बाबा. लहानांना समजावावं लागलं नाही. चैतीला एकदा सांगितलं, तिला कळलं."

मी ताठ झाले.

"थोडेच दिवस, उज्ज्वला," दादा म्हणाला. "आत्या काही परकी..."

"थोडे म्हणजे किती?" वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. "शाळेत सुट्टीचा अर्ज देता तेव्हा तारीख घालता ना? घाला की तारीख. किती तारखेला माझी मुलगी परत येणार?"

दादाने मला नंतर सांगितलं की त्या क्षणी त्याला आपल्याच शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखं वाटलं. पण त्याला आत्याची दहा वर्षंही दिसत होती. रोज पहाटे त्याच्यासाठी पाणी तापवणारी, तिचे यजमान, हेडमास्तर मामा, ओरडले की मध्ये पडणारी. तिला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

"मी वाचून दाखवते," मी म्हणाले. कुणी हो म्हणायच्या आत वही उघडली होती. वक्तृत्व स्पर्धेत मी तालुक्यात दुसरी आले होते, तेव्हापासून मला उभं राहून वाचायला काही वाटत नाही. अठ्ठावीस दिवस वाचले. झोप तीन तास, जेवण तीन वाजता, धूर होता, उजवी बाजू, उलटी दोनदा. झोप सहा तास, जेवण बारा, धूर नाही, दुखलं नाही. दुखलं नाही. दुखलं नाही. मग डॉक्टरांचा कागद बाबांच्या हातात दिला.

बाबा ऑफिसातले. त्यांनी कागद आधी उजेडात धरला. "शिक्का आहे," ते आत्याकडे बघून हळूच म्हणाले. "सही पण आहे, आक्का. खालती तारीख पण."

"शिक्का असला म्हणजे पोर खाटेवरून पडत नाही का?"

"तसं नाही..."

"आण ती वही इकडं."

आत्याला वाचता येत नाही. मामांनी तिला फक्त सही शिकवली होती, बँकेत अंगठा लावला तर हेडमास्तरांचीच बायको म्हणून लोक हसतील म्हणून. म्हणजे जगातल्या सगळ्या शब्दांपैकी एकच शब्द तिला ओळखता येतो. ती पानं उलटत गेली, उगाच, कोंबडीने माती उकरावी तशी. आणि एका पानावर थांबली. बोट ठेवलं.

"रोहिदास, हे माझं नाव. त्याच्यावर रेघ का मारलीय?"

बाबांनी चष्मा लावला आणि ऑफिसात वाचतात तसं, मधे न थांबता वाचलं, "अनुमान, दोन टिंब, पारूआत्या."

ओट्यावर लक्ष्याला ठसका लागला.

"म्हणजे?" आत्या म्हणाली.

"म्हणजे," मीच म्हणाले, "डोकं कशाने दुखतं त्याचं... पण ते चुकलं होतं, आत्या! म्हणूनच रेघ मारलीय. पुढच्या पानावर बघ, धूर, झोप..."

"म्हणजे मी रोग."

"चैती, पाया पड आणि माफी माग," बाबा उठलेच. "हे शिकायला पाठवतो तुला जव्हारला?"

मी पाया पडले. रडू येत होतं ते माफीचं नव्हतं, माझ्यामुळे बाजी उलटली त्याचं होतं. बाबा पुन्हा आत्याच्या बाजूला गेले होते, आई पदराशी चाळा करत होती, आणि दादाने भिंतीवरच्या खुंटीची पिशवी काढली होती. रिकामी पिशवी. तो तिच्यात काय भरायचं ते शोधत इकडेतिकडे बघत होता.

"बांध सामान, धर्मा," आत्या म्हणाली. "मी रोग तर रोग. पोर जगेल तरी."

"चैती," वहिनी म्हणाली. "घड्याळ."

तिच्या आवाजाने सगळे वळले. ती समोरच्या कॅलेंडरकडे बघत होती. "डिसेंबरचा नुसता डिसें दिसतोय," ती म्हणाली. "किती वाजले?"

"अकरा दहा."

"लिही. हलायला लागलंय." आणि मग तिने जे केलं ते पाहून मी रडायचंच विसरले. शाळेत बाई सहलीआधी पोरांना कामं वाटून देतात ना, अगदी तसं. "आई, खाली अंथरूण घाला, भिंतीला लावून. खाटेवर नको. चैती, अर्धी भाकर आणि गोळी. बाळीला आत्ताच पाजते, म्हणजे दुखायला लागेल तोवर ती झोपलेली असेल. अहो, खिडकीला गोधडी लावा."

दादाच्या हातात अजून पिशवी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग टाकली आणि गोधडी घेऊन खिडकीवर चढला. चढून उतरायला त्याला एक मिनिट लागलं असेल. पण मला वाटतं आमच्या घरात त्या मिनिटात फार मोठी गोष्ट झाली, कारण आत्याने सांगितलेलं काम अर्धवट टाकून दादाने दुसऱ्या कुणाचं काम केलेलं आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं.

बाळी पीत होती. वहिनी कुशीवर आडवी, भिंत आणि ती यांच्या मधे बाळी. आई पायाशी. बाबा दाराबाहेर जाऊन लक्ष्याला दबक्या आवाजात सांगत होते, "जीप सुरू करू नको रे, आवाज होतो." मी दर दोन मिनिटांनी विचारत होते आणि वहिनी बोटाने दाखवत होती, किती दिसतं, किती नाही. अकरा एकोणतीसला तिला सगळं परत दिसलं. अकरा बत्तीसला तिने उजवं कानशील दाबलं आणि डोळे मिटले. बाळी तोपर्यंत झोपली होती, ओठाला दूध लागलेलं.

"बावीस मिनिटं," मी वहीत लिहिलं.

आत्या दारात उभी होती. बाळी घसरली त्या दिवशी होती तिथेच. तिला त्या वेळी काय काय दिसत होतं हे तिने मला पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, पण तेव्हा मला फक्त तिचा हात दिसला. तिने माझा दंड धरला आणि मला ओट्यावर ओढत नेलं. मला वाटलं, आता मार.

"तिला आधी कळतं?" तिने विचारलं.

"दर वेळी, आत्या. कमीत कमी अठरा मिनिटं, जास्तीत जास्त सव्वीस. पहिल्या वेळी तिला माहीत नव्हतं की हे असं होतं, म्हणून खाटेवरून... आता माहीत आहे. सात वेळा मोजलंय. आजची आठवी."

"पाण्यावर ऊन हलतं तसं."

"हो, पण तुला कसं..."

आत्या ओट्यावर बसली. डोक्यावरचा पदर तिने मागे केला. आत्याचा पदर कधी ढळलेला मी पाहिला नव्हता. दोन्ही कानशिलांवर केसांच्या आत एकेक डाग होता, रुपयाएवढा, गुळगुळीत, केस न उगवलेला.

"विळा तापवून दिलेत," ती म्हणाली. "बाहेरचं निघायला. पुष्पी झाली त्या वर्षी. मला पण असंच दिसायचं. मी कुणाला बोललीच नाय. बोलली असती तर डोळ्यावर पण डाग दिला असता. एकदा पोर हातात असताना मी चुलीशी पडली. पोरीला काय झालं नाय. पण जावेनं तिला उचलली, आणि नेली तिच्या घरी."

पुष्पलताताई आम्हाला माहीत होती, आत्याच्या जावेची मुलगी म्हणून. सणाला यायची, छान साड्या नेसायची. आत्याला ती 'पारूकाकू' म्हणायची. मी कधी विचारच केला नव्हता.

"माझं डोकं पुढं आपोआप थांबलं," आत्या म्हणाली. "पोर मागितली तर म्हणाले, तिला सवय झाली तिकडची. मी म्हटलं, असू दे. जगली ना. उचलून नेली म्हणून जगली. पस्तीस वर्षं हेच म्हणते मी, चैते. सकाळ-संध्याकाळ." तिने अंधाऱ्या खोलीकडे पाहिलं. आतून काहीच आवाज येत नव्हता. "वीस मिनिटं होती की माझ्याकडं. दर खेपेला होती. पोरीला खाली ठेवायला किती लागतात? मला कुणी मोजून नाय दाखवली."

मी तिच्या शेजारी बसले, एवढंच. दारात बाबा उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते पुढे आले, आत्याचा पदर उचलून तिच्या डोक्यावर नीट ठेवला आणि म्हणाले, "आक्का, मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू सहा-सात वर्षांचा होतास, गाढवा. तुझं नाक पुसायचं की तुला सांगायचं?"

मग त्यांनी लक्ष्याला जायला सांगितलं. लक्ष्याने जीप चढापर्यंत ढकलत नेली आणि मगच सुरू केली. ढकलायला बाबा आणि दादा दोघेही होते.

वहिनीला एकदाच उलटी झाली. गोळी वेळेवर गेली होती. साडेतीनला तिने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "बाळी?" बाळी तिच्या कुशीतच होती, आणि कुशीच्या पलीकडे आत्या बसून होती, हाताने माश्या वारत. मधे दोनदा बाळी उठली तेव्हा आत्यानेच तिला वहिनीच्या अंगाशी लावलं होतं. आईला तिने बसूच दिलं नव्हतं.

"आत्या," वहिनी म्हणाली, "चैतीने ते लिहिलं त्याबद्दल..."

"खोटं काय लिहिलं? धुरी मीच करत होते," आत्या म्हणाली. "आणि फागे, ओवा कधी संपत नसतो घरात. मला कळत नाय काय?"

आई इतकी लाल झाली की मला हसूच आलं.

चार वाजता वहिनी जेवली, आत्याच्या आधी. पाचला आम्ही विहिरीवर निघालो. ऊन डोंगराआड उतरत होतं, नदीकडून गार यायला लागलं होतं. वहिनी हळू चालत होती, बाळी तिच्याच कडेवर, आत्याने कळशी घेतलेली, मी सूप. विहिरीवर बायका जमल्या होत्या आणि दुपारपासून वाट बघून वैतागल्याही होत्या.

"काय गं पारू, बाराची पूजा पाचला? मुहूर्त बदलला का तुमचा?"

एरवी आत्या म्हणाली असती, पाहुणे आले होते, किंवा पोर रडत होती. आमच्या घरात अशा वेळी असंच म्हणतात.

"आमच्या सुनेचं डोकं दुखत होतं," आत्या म्हणाली. पाणी भरायला आलेल्या पोरींनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "अर्धशिशी हाय तिला. बाहेरचं काय नाय आणि सोंग पण नाय. डॉक्टरणीनं लिहून दिलंय. रोजचं लिहिलेलं घरात हाय, आमच्या चैतीनं लिहिलंय. कुणाला बघायचं असंल तर या."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागे उभी असलेली एक तरणी बाई डोळे खाली घालून कपाळाला हात लावत होती, ती हळूच पुढे सरकली.

"मग पोर?" दुसरीने विचारलं. "नेणार होतीस ना मोखाड्याला?"

वहिनीने विहिरीच्या काठाला हळदीची पाच बोटं ओढली. कुंकू लावलं. बाळीचा इवला तळवा धरून तिने त्याच काठाला टेकवला.

"पोर आईजवळ," आत्या म्हणाली. "मीच राहते इथं आठ-दहा दिवस. मला घड्याळ बघायला शिकायचंय."